सतरा नंबरचा बिल्ला

४ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाईने ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, जे मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगता ते हिच्यात लिहा. माझी भाजी करपायची तरी थांबेल." दोन महिने वही कोरीच होती. आज घरी येऊन बोलायला गेलो तर आवाजच फुटेना, म्हणून लिहितो.

सतरावाला गेला. आमच्या धक्क्यावर माणसाला त्याच्या होडीच्या नंबराने ओळखतात. सतरा नंबरची होडी लहान. तो एकटाच पहाटे निघायचा, खडकांजवळ लावलेले खेकड्यांचे पिंजरे उचलायचा आणि साडेनऊच्या आत परत यायचा. आज होडी उलटली. एका रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपाला त्याने स्वतःला बांधून घेतलं होतं. सापडला तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, दुपारी एकपर्यंत तरी जिवंत असणार.

तोवर कोणी शोधायलाच गेलं नव्हतं. धक्क्याच्या ऑफिसात भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली नंबर. होडी घरी असली की तिचा पितळी बिल्ला आपल्या खिळ्यावर असतो. समुद्रात जाताना होडीवाला तो काढतो आणि खिडकीच्या वर ताणलेल्या तारेच्या आकड्यात अडकवतो. परत आला की स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्यावर. दुसऱ्या कोणी बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा नियम. दहा वाजता तारेवर एकही बिल्ला उरला असेल तर भोंगा वाजतो आणि असतील तेवढ्या होड्या शोधायला निघतात. आज दहाला तार रिकामी होती. सतराचा बिल्ला खिळ्यावर होता. त्याची होडी खडकापलीकडच्या खाडीत बांधतात, ती ऑफिसातून दिसत नाही. तीन वाजता त्याची बायको विचारत आली तेव्हा सगळ्यांना कळलं.

तो भोंगा वाजवणारा माणूस म्हणजे माझा मित्र. अठ्ठावीस वर्षं तेच काम, म्हणून सगळे त्यालाच भोंगा म्हणतात. मी एकतीस वर्षं टपालाची छाननी केली, पत्र बघायचं आणि बरोबर खणात टाकायचं. पोस्टमास्तर कधीच झालो नाही, तरी मला सगळे मास्तर म्हणतात. रोज सकाळी आठ ते दहा मी त्याच्या ऑफिसात बसतो. आजही होतो. साडेआठला तो मागच्या खोलीत वहिनींना भरवायला गेला; त्या दोन वर्षं अंथरुणावर आहेत. "मास्तर, जरा बस, आलोच," म्हणाला. मी बसलो, पेपर वाचला, वाऱ्याने विस्कटलेली खोली जरा माणसात आणली. नऊला तो आला.

संध्याकाळी सगळी गर्दी पांगल्यावर त्याने मला एवढंच विचारलं, "मी आत होतो तेव्हा कोणी आलं होतं?"

"चिटपाखरू नाही," मी म्हणालो.

त्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याला धक्काच बसला असणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

होडीवाल्यांच्या सोसायटीने भोंग्याला बोलावून घेतलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की लवकर मोकळं व्हायचं म्हणून यानेच बिल्ला खिळ्यावर लावला. आणि हा शहाणा काय म्हणाला? "चूक माझी. फळी माझ्या ताब्यात होती." बस्स. पुढे तोंडाला कुलूप.

२३ तारखेला सभा आहे. त्याला काढणार हे आताच ठरल्यासारखं आहे. मागची खोली नोकरीबरोबर मिळालेली, ती नोकरीबरोबरच जाणार. वहिनींना उचलून हा माणूस कुठे नेणार?

मी त्याला फैलावर घेतलं. "तू हलवलास का बिल्ला?"

"नाही."

"मग कोणी हलवला?"

"मास्तर, चहा निवतोय."

असा राग आला की चहा तसाच टाकून उठलो. अर्ध्या वाटेवर ठरवलं, हा तोंड उघडणार नसेल तर मी शोधून काढतो. न चुकता छाननी करायची हेच तर माझं काम होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वेळापत्रक मांडलं. पाचला सतरावाल्याने बिल्ला तारेवर लावला. शेजारच्या होडीवाल्याने बघितलंय. दहाला तो खिळ्यावर होता. म्हणजे पाच ते दहा यांमधलंच काहीतरी.

त्यातला साडेआठ ते नऊ हा अर्धा तास मी काढून टाकला, कारण तेव्हा मी स्वतः तिथे हजर होतो आणि कोणी आलं नाही. इतका भक्कम साक्षीदार कोणत्या तपासाला मिळतो? उरले साडेचार तास. त्यात ऑफिसात येऊन गेलेले लोक म्हणजे दोघेच, झाडणारी मावशी आणि बर्फवाला. होडीवाले येतात-जातात, पण त्यांचा हात आपापल्या बिल्ल्यापलीकडे जात नाही. ते त्यांच्या हाडात आहे.

सूनबाईने मी लिहीत असताना डोकावून बघितलं. "बाबा, पोलीस आहेत की त्यासाठी." मी म्हणालो, पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला. ती म्हणाली, "मग तो अपघातच असेल." बायकांना चिकाटी नसते असं लिहिणार होतो, पण पाच वर्षांपूर्वी मी आजारी असताना हिने काय केलंय ते आठवलं. खोडतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मोठा शोध लागला. तारेवरचे आकडे मी स्टुलावर चढून एकेक तपासले. खिडकीकडून तिसऱ्या आकड्याचं तोंड सैल होऊन उघडलंय. तिथे मी किल्ली अडकवली आणि खिडकीचं दार आपटलं. तिसऱ्या आपटण्याला किल्ली खाली! सतरावाला नेहमी तिसराच आकडा वापरायचा. आणि त्या सकाळी वारा होता.

म्हणजे बिल्ला कोणी तारेवरून काढलाच नाही. तो पडला, आणि पडलेला कोणीतरी उचलून खिळ्यावर लावला. कोणाच्या मनात पाप नव्हतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

भोंग्याला पळत जाऊन सांगितलं. वाटलं, उडी मारेल. तो म्हणाला, "स्टुलावर चढत जाऊ नकोस या वयात."

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कुठे आकडे वाचता येतात? जमिनीवर काय सापडलं की मी टेबलावर ठेवते आणि हाक मारते." आणि त्यांनी सातला झाडलं तेव्हा जमिनीवर काही नव्हतं. चला, एक नाव कटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विचार करता करता दोषी माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहायला लागला आहे. त्याला आकडे वाचता येतात. तो टापटिपीचा आहे. पडलेली वस्तू त्याला बघवत नाही. आणि नुसती उचलून टेबलावर टाकणंही त्याच्या स्वभावात नाही, ती जिथली तिथे गेली पाहिजे. भोंगा सांगतो की बिल्ला खिळ्यावर अगदी सरळ होता, नंबर बाहेरच्या बाजूला. होडीवाले घाईत कसेही अडकवतात. म्हणजे हा होडीवाला नव्हे. हा असा माणूस आहे ज्याला नंबर दिसला की त्याची जागा दिसते.

जेवताना हे सगळं घरात वाचून दाखवलं. मुलगा ताटात बघत राहिला. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही आज पुन्हा माझे डबे लावलेत का? मला हळद सापडत नव्हती." मी म्हणालो, उंचीप्रमाणे लावले की बरं दिसतं. ती काही बोलली नाही. एरवी दोन शब्द सुनावते.

माझा संशय आता बर्फवाल्यावर आहे. त्याच्या लाद्या बघा, एकीवर एक काटेकोर रचलेल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तोंडघशी पडलो. बर्फवाल्याला चार लोकांसमोर विचारलं, तू बिल्ला उचललास का? तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "मास्तर, सतरावाला माझ्या लग्नात नाचलेला माणूस. मी बिल्ला पडलेला बघितला असता तर ओरडून धक्का गोळा केला असता. बिल्ला पडलाय म्हणजे माणूस बाहेर आहे, हे लहान पोरालाही कळतं इथे." शिवाय तो पावणेआठलाच गेला होता, त्याच्या गाडीवाल्याने सांगितलं.

माफी मागितली. मागे कोणीतरी म्हणालं, "पोस्टमास्तरला उद्योग नाही." ऐकलं, पण ऐकलं नाही असं केलं.

त्याचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. धक्क्यावरच्या कोणत्याही माणसाने तो बिल्ला खिळ्यावर लावला नसता. म्हणजे धक्क्यावरचा नसलेला कोणीतरी. पण धक्क्यावरचा नसलेला तिथे येईल कशाला?

१६ नोव्हेंबर, रविवार

सतरावाल्याच्या बायकोकडे गेलो. ती जाळी दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करते, पण आज घरी होती. दोन मुली. मोठी तेरा-चौदा वर्षांची, धाकटी सातेक. मी वही काढली, तपासाची हकीकत सांगितली, भोंगा निर्दोष आहे हे पटवून दिलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"काका," ती म्हणाली, "मला कोणाला शिक्षा नकोय. पण रोज उठते तेव्हा वाटतं, त्या दिवशी नेमकं काय झालं ते कोणाला तरी माहीत आहे आणि तो माणूस माझ्यासमोरून जातो-येतो. त्याने एवढा वेळ गप्प कसं बसावं?"

मी म्हणालो, तो भित्रा असणार. हे म्हणताना मला खरंच त्या माणसाची चीड आली होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज प्रयोग केला. एकतीस नंबरची होडी मागच्या वर्षी विकली, तिचा बिल्ला ड्रॉवरमध्ये पडून असतो. तो मी तारेखाली जमिनीवर टाकला आणि पेपर धरून बसलो. कोण काय करतं ते बघायचं. एक होडीवाला आला, बिल्ला बघून दचकला, "हा कोणाचा पडलाय?" म्हणून ओरडला. मावशींनी उचलून टेबलावर ठेवला. मी पुन्हा खाली टाकला. सगळं लिहून घेतलं.

मग गर्दी सरली. भोंगा त्याच्या खुर्चीत, मी बाकावर. तो सांगत होता की वहिनींच्या भावाने एक खोली बघितली आहे, दुसऱ्या मजल्यावर. मी म्हणालो, दुसऱ्या मजल्यावर वहिनींना चढवणार कसं? तो म्हणाला, बघू. मी म्हणालो, बघू काय बघू, जिना अरुंद असला तर स्ट्रेचर वळत नाही. असं बरंच बोललो. मग सहज जमिनीकडे बघितलं तर बिल्ला नाही!

"अरे, कोण आलं होतं? बिल्ला कोणी उचलला?"

भोंग्याने हनुवटीने फळी दाखवली.

एकतीसचा बिल्ला एकतीसच्या खिळ्यावर होता. सरळ, नंबर बाहेर. माझ्या उजव्या अंगठ्याला पितळेचा वास येत होता, कारण लावताना मी बिल्ला पुसलाही होता. उठल्याचं आठवत नाही. वाकल्याचं आठवत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भोंगा म्हणाला, "तू म्हणालास चिटपाखरू आलं नाही. तिथेच मला कळलं."

"आणि तू गप्प राहिलास?"

"नऊला मी बाहेर आलो, बिल्ला खिळ्यावर दिसला. तुला विचारायचं होतं, हा कधी आला म्हणून. नाही विचारलं. वाटलं, मी आत होतो तेवढ्यात आला असेल. खुर्ची माझी होती, मास्तर. तुझा हात चालला, पण माझं तोंड नाही चाललं. दोघांत एकाचंच नाव लागणार होतं, तर तुझं कशाला?"

मी त्याला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन सूनबाईला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मला भीती वाटत होती, बाबा." म्हणजे तिला डब्यांच्या दिवसापासूनच कळलं होतं. एकट्या मलाच कळायचं राहिलं होतं.

आज दिवसभर मी हात मांडीखाली घेऊन बसलो. माझ्या हातून एक माणूस गेला. वाईट बुद्धीने नाही, हे खरं, पण त्याने त्याच्या मुलींना काय फरक पडतो? रविवारी सभेत उभं राहून सांगायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. सगळं सांगितलं. वेळ, आकड्याचं उघडं तोंड, बिल्ला कसा उचलला असणार, कसा पुसला असणार, हाताने करून दाखवलं.

कोणी विश्वास ठेवला नाही.

अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "मास्तर, तुमची मैत्री सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे. बसा." मागून कोणीतरी म्हणालं, "आधी बर्फवाल्याने केलं होतं, आता यांनी केलं!" लोक हसले. मी ओरडून म्हणालो की मला आठवत नाही पण मीच केलंय, तेव्हा तर आणखी हसले. आणि शेवटी भोंगा उठला. मला वाटलं, आता हा खरं सांगेल. तो म्हणाला, "मास्तर माझ्यासाठी खोटं बोलतायत. त्यांना घरी न्या कोणीतरी."

हात वर झाले. त्याला महिनाअखेर खोली सोडायची आहे.

मुलगा मला दंडाला धरून घरी घेऊन आला. तीन आठवडे गावभर भोंगा निर्दोष, भोंगा निर्दोष करत फिरलो. आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्या शब्दाची किंमतच उरली नाही, आणि ती मीच घालवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सतरावाल्याची बायको दारात. सभेत ती मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. सूनबाईने आत बोलावलं, पण ती उंबऱ्यावरच थांबली. पदराच्या गाठीतून तिने तो बिल्ला काढला. सामानाबरोबर सोसायटीने तिला दिलेला.

"हे बघा. सोळा वर्षं हा काळा पडलेला होता. यांनी जन्मात कधी पुसला नाही. त्या संध्याकाळी माझ्या हातात दिला तेव्हा नंबरावर एवढीच जागा चकचकीत होती, अंगठ्याएवढी. मी रोज बघायची आणि कळायचं नाही. काल तुम्ही हाताने करून दाखवलंत."

मी मान खाली घातली. मग म्हणालो, "मी भित्रा नव्हतो, मला माहीतच नव्हतं."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "म्हणून तर आले. उद्या सकाळी सोसायटीत चला, मी अध्यक्षांसमोर हा ठेवते. त्या माणसाला आजारी बायकोसकट बाहेर काढून माझं काही भरून येणार नाही." मग म्हणाली, "पण तिथून घरी यायचं. माझ्या मुलींना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

ती गेल्यावर सूनबाईने मला पाणी दिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सोसायटीचं काम दहा मिनिटांत झालं. अध्यक्षांनी बिल्ला उजेडात धरला, माझा अंगठा त्यावर ठेवायला लावला, आणि नंतर कोणी हसलं नाही. भोंगा राहणार. यापुढे होडीवाल्यांशिवाय कोणी ऑफिसात बसायचं नाही असं ठरलं. ते योग्यच आहे. भोंगा म्हणाला, "कशाला केलंस हे," आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी निघताना त्याने पाठीवर हात ठेवला.

मग तिच्या घरी गेलो. मुली चटईवर बसल्या होत्या. मला खुर्ची दिली, ती मी घेतली नाही, खालीच बसलो. तयारी करून गेलो होतो, चार वाक्यं पाठ केली होती, त्यांतलं एकही आलं नाही. बिल्ला पडला होता, मी उचलून खिळ्यावर लावला, त्यामुळे भोंगा वाजला नाही, असं सांगितलं. हात मुद्दाम चालला नाही, पण हात माझाच होता. धाकटी आईच्या कुशीत गेली. मोठी माझ्याकडे बघत होती.

"दहा वाजता भोंगा वाजतो हे बाबांना माहीत होतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग ते वाजायची वाट बघत असतील."

"हो."

तिची आई मध्ये पडली नाही. मीही उठलो नाही. मुलीने थोडा वेळ चटईचा धागा ओढला, मग पुन्हा विचारलं, "खडकांपर्यंत ऐकू येतो का तो?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "येतो. स्पष्ट ऐकू येतो."